बस आल्यावरच लागणारा गेम

मी भित्री नाही, पण गेमसाठी कम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड घेताना मी नोटा तीनदा मोजल्या होत्या. शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे एकदाच खर्च होणार होते आणि दुकानदाराने दोन कार्डं पुढे ठेवली होती. एक नवं, लहानसं, कमी वीज खाणारं. दुसरं त्याच भावात सेकंडहॅण्ड, पण दुप्पट दमाचं. भंडाऱ्याच्या त्या दुकानदाराने बजावलं, "हे मोठं घेतलं त पॉवर सप्लायबी, म्हंजे वीज पुरवणारा डब्बाबी, बदलावा लागन, ताई. याले तुमचा जुना डब्बा नाही पुरत." मला वाटलं, याला आणखी एक वस्तू खपवायची आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी अंथरूण न पाहताच पसरले आणि मोठं कार्ड घेऊन घरी आले.

जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दुपारी मी ते बसवलं. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात ड्यूटीवर होते, आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. गेममधली गाडी पहिल्याच वळणावर पोचली आणि टेबलाखाली फाट् असा आवाज झाला. कम्प्युटरचा पंखा बंद, धूर, जळका वास. गेलं कार्ड, गेले पैसे, एवढंच डोक्यात.

आवाज फटाक्याएवढाच होता. पण आमच्या वसाहतीत दिवाळी सोडून फटाका वाजला तरी बायका आधी कारखान्याच्या दिशेने बघतात. आई हातातला ओला टॉवेल टाकून अनवाणी रस्त्याकडे धावली. मी मागे.

"आई, माझा कम्प्युटर फुटला! तिकडे काही नाही झालं!"

"मंग तुये हात काहून कापून राहिले?"

हात खरंच कापत होते, कार्डाच्या भीतीने. ते तिला कसं पटणार? माझ्या कपड्यांना धुराचा वास येत होता. ती म्हणाली, "जळका वास मलेबी येऊन राहिला. उगाच समजावू नको."

ती बाबांना फोन लावत राहिली. सगळ्यांचे फोन कारखान्याच्या फाटकावर जमा असतात हे तिला माझ्याहून जास्त माहीत, तरी रिंग संपली की पुन्हा लावायची. शेजारच्या काकू बाहेर आल्या, "काय झालं वो?" म्हणत त्याही आभाळात धूर शोधू लागल्या. कारखान्याची बस जिथे थांबते तिथे आई उभी राहिली आणि हलेना.

मग मीही घाबरले, आणि हे अगदी मूर्खपणाचं होतं. आवाज माझ्या टेबलाखाली झाला होता, तो डबा मी डोळ्यांनी फुटताना पाहिला होता. पण शेजारी आई अनवाणी उभी असली की असलं शहाणपण टिकत नाही. दोन्ही आवाज एकाच वेळी झाले असतील तर, हा विचार एकदा आला तो जाईचना. कार्ड तर मी विसरूनच गेले.

शेवटी संध्याकाळी बस आली. एकेक जण उतरू लागले, बाबा काही दिसेनात. ते सगळ्यांत शेवटी उतरले, डब्याची पिशवी हलवत.

"काहून जी, एवढा उशीर?" आईचा आवाज चिरकला.

"रोजच्याच टायमाले त आलो," बाबा म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या अनवाणी पायांकडे गेलं. आईने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, ती घरी पोचेपर्यंत छातीशीच धरली.

मोठं कार्ड वाचलं होतं. पण त्याला पुरेल असा सप्लाय परवडेना, म्हणून मी ते परत देऊन लहान घेतलं आणि वर साधा नवा पॉवर सप्लायही. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. आता दृश्यं थोडी पुसट दिसतात, पण गेम चालतो. फक्त दुपारी चालू करायची सोय नाही. आई ओरडत नाही, नुसती दारात येऊन उभी राहते आणि मीच हात मागे घेते. संध्याकाळी बस थांबल्याचा आवाज आला की ती आतूनच हाक मारते, "आले तुये बाबा. लाव आता तुया गेम."