घरी पोचती होईल

सिनेमे अजून काळेपांढरे होते, तेव्हाची ही गोष्ट. वर्षातून एकदा मोठ्या नाट्यगृहात बक्षिसांचा समारंभ व्हायचा. बक्षीस म्हणजे हातभर उंचीची सोनेरी बाई. पडद्यामागची माणसं तिला बाहुली म्हणत आणि ती सांभाळणाऱ्याला बाहुलीमामा.

नटनट्यांच्या बाहुल्या खऱ्या, ज्याच्या त्याच्या. आवाजवाले, दिवेवाले, शिवणवाले या सगळ्यांत मिळून मात्र एकच. बक्षीस घेऊन माणूस डाव्या विंगेत आला की मामाने हात पुढे करायचा, "द्या, घरी पोचती होईल." मग पिवळ्या फडक्याने ती पुसून, मागच्या बोळातून पळत उजव्या विंगेत नेऊन तबकात ठेवायची. घाम, पावडर, आनंदाने गळलेलं नाक, सगळं त्या फडक्यात. मामा घरी येऊन तीनदा साबण लावी, तरी त्या दिवशी त्याला हाताने घास घेववत नसे. पण किळस घामाची नव्हती. बावीस वर्षांत एकही बाहुली कुणाच्या घरी पोचली नव्हती. लोक दोनदा विचारायला येत, मग गप्प बसत. न मिळाल्याची लाज ज्याची त्यालाच.

त्या वर्षी पोशाखांचं बक्षीस अक्काला मिळालं. अक्का म्हणजे मामाची थोरली बहीण. शिलाईयंत्रावर पाय मारून तिनेच त्याला वाढवलं होतं.

विंगेत येताच तिने आपणहून बाहुली त्याच्या हातात दिली.

"धर रे, जपून. येताना घेऊन ये. यंत्राशेजारची फळी रिकामी केलीय मी."

"कधी?"

"परवाच. हसू नकोस मेल्या!"

मामाचा हात फडक्याकडे जाईना.

"मामा, झोपलात काय? पुढचं नाव पुकारलंय, दिवेवाला मंचावर उभाय!" समारंभाचा चिटणीस दबक्या आवाजात खेकसला.

"ही अक्काला दिलीय."

"अहो, सगळ्यांनाच दिलीय!" चिटणिसाने बाहुली हिसकली, कोटाच्या बाहीला पुसली आणि हाड तोंडात धरलेल्या कुत्र्यासारखा बोळातून पळाला. मामा बघत राहिला. आपण असेच दिसत असू, हे त्याला कळलं.

"कुठे नेली रे?" अक्काने विचारलं.

"पुढच्याला द्यायला. अक्का, ती येणार नाही. एकच आहे. कुणाकडेच कधी गेली नाही."

अक्का रडली नाही, चिडलीही नाही.

"गेल्या साली तो म्हातारा आवाजवाला... कपाळाला लावून दिली होती ना त्याने? त्यालाही पोचेल म्हणालास?"

"म्हणालो."

"तोंडावर?"

मामाच्या खांद्यावरचं फडकं अक्काने मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसं दोन बोटांनी उचललं. दर वर्षी नव्या फडक्याला बारीक टाक्याची किनार तीच घालून देई.

"आणि हे मी शिवून देत होते," ती म्हणाली. फडकं त्याच्या खांद्यावर परत टाकून तिने बोटं आपल्या नव्या कपड्यांना पुसली, पुन्हा पुसली, आणि त्याच्यासाठी न थांबता घरी गेली.