भाऊकाका बुडत नाहीत

पनवेल शहर व पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमचे भाऊकाका, निवृत्त नौसैनिक, यांच्या अस्थींचे भर समुद्रात विधिवत विसर्जन झालेले आहे. दोनदा.

पहिल्या वेळची जबाबदारी माझ्याकडे होती.

भाऊकाका नौदलातून निवृत्त झाले, पण नौदल काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढायला आली की ते हमखास सांगत, की समुद्रात ज्याला निरोप देतात त्याला कॅनव्हासमध्ये शिवतात, पायाशी वजन बांधतात आणि सगळे सॅल्यूट करून उभे राहतात. "तो पाण्याखाली गेल्याशिवाय हात खाली आणायचा नाही," असं म्हणून ते आणखी दोन जिलब्या मागून घेत. (बाकीच्यांची जिलबी तशीच राहायची. तीही मग तेच खात.)

शेवटची इच्छाही त्याच थाटाची. "मला खाडीत सोडू नका. आणि वरून ओतू तर मुळीच नका, वाऱ्याने निम्मा मी तुमच्याच तोंडावर येईन. कलशासकट, सरळ तळाला."

काकूने शब्द दिला होता. तिचा सगळा संसार वाट बघण्यात गेलेला. 'गणपतीला येतो' म्हणून बोटीवर गेलेला माणूस शिमग्याला उगवायचा. "निदान जाताना तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे," ती मला म्हणाली. "दिनू, नीट कर हो."

इथे माझा धंदा आडवा आला. पनवेलला माझं नळ-फिटिंगचं दुकान आहे. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा आणि खड्डे. कलश काकूच्या मांडीवर. सांडलं म्हणजे? मी तांब्याचा चांगला मोठा कलश घेतला, झाकण बसवलं आणि टाकीची गळती बंद करायची लांबी, म्हणजे पुट्टी, मळून चारी बाजूंनी थापली. थेंब आत जाणार नाही, कण बाहेर येणार नाही. माझ्या हातून इतकं सुबक काम पूर्वी झालं नव्हतं.

"वजन बांधायचं ना रे?" काकूने विचारलं.

"तांबं आहे काकू. तांबं कधी तरंगतं का?"

उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर नाखवा होडी घेऊन तयार होता. सोबत भाऊकाकांचे नौदलातले जुने दोस्त सावंतकाका, ब्लेझरवर मेडलं लावून. धक्का लहान दिसू लागला तसा नाखव्याने मशीन बंद केलं. सावंतकाका ताठ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला. काकूने झेंडूची फुलं सोडली. मी दोन्ही हातांनी कलश अलगद पाण्यात ठेवला.

कलश खाली गेला. मग वर आला. मग फुलांच्या मधोमध जाऊन ऐटीत डुलू लागला.

"जाईल," मी म्हणालो. "वेळ लागतो."

वेळ लागला. सावंतकाकांचा हात कपाळाशी तसाच.

"शेठ, हा नाय बुडाचा," नाखवा म्हणाला.

मी बांबूने कलश खाली दाबला. तो पलीकडून उसळून वर आला आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं. पुन्हा दाबला. पुन्हा उसळला. आणि तेव्हा, समुद्राच्या मधोमध, मला साक्षात्कार झाला. टाकी भरली की नळ आपोआप बंद करणारा जो बॉलकॉक असतो, त्याचा गोळा तांब्याचा असतो. पोकळ, हवाबंद. तो तरंगतो, यावर माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या घरची चूल पेटते आहे.

हे मी कोणाला सांगितलं नाही.

"दिनकर," सावंतकाका ओठ न हलवता म्हणाले, "माझा खांदा गेला."

"मग हात खाली घ्या ना."

"भाऊ अजून वर आहे."

"भरती लागली," नाखवा म्हणाला. "आमच्या आदी हाच धक्क्याला पोचंल."

कलश खरोखरच मोऱ्याच्या दिशेने निघाला होता. आम्ही मशीन सुरू करून मागे लागलो. नाखव्याने जाळं टाकून, पापलेट काढावं तसं, भाऊकाकांना होडीत घेतलं.

"सावंतभाऊजी, आता तरी हात खाली घ्या," काकू म्हणाली.

"वहिनी, होडीत परत आला तर काय करायचं, हे आम्हाला शिकवलंच नव्हतं," सावंतकाका म्हणाले आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देऊन उभे राहिले.

मी झाकण उघडायला घेतलं. नाखव्याचा कोयता मोडला, झाकण हललं नाही. या लांबीची मी गिऱ्हाइकांना जन्मभराची गॅरंटी देतो. ती खरी असते, हे मला प्रथमच कळलं. शेवटी नाखव्याने होडीतला नांगराचा धोंडा कलशाच्या गळ्याशी घट्ट बांधला. काकूने कलशावरून एकदा हात फिरवला, जाळ्याचा एक धागा अडकला होता तो सोडवला आणि कलश स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला.

या वेळी तो गेला. सरळ, तळाला, सांगून ठेवल्याप्रमाणे. सावंतकाकांचा हात मात्र खाली येईना. तो मी आणि नाखव्याने मिळून उतरवला.

नाखव्याने होडी धक्क्याकडे वळवली. काकू पदर तोंडाला लावून बसली होती, खांदे हलत होते. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, चुकलं माझं. रडू नकोस गं."

तिने पदर बाजूला केला. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, जन्मभर 'लवकर या' म्हणून पाठवलं तर सहा महिने पत्ता नसायचा. आज एकदाचं 'जा' म्हटलं, तर दहा मिनिटांत हजर!"