आधी आईचे कागद

"होल्डवर ठेवूया," असं म्हणत तो खिशातून पिवळा टॅग काढायचा. कंपनीत त्याच्याकडे तीन रंगांचे टॅग असत. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार आणि पिवळा म्हणजे होल्ड, नंतर ठरवू. हिरवे-लाल त्याने किती वापरले देव जाणे, पण पिवळे मागायला तो सारखा स्टोअरमध्ये दिसायचा. क्वालिटीतल्या अशा माणसाला प्रॉडक्शनवाले काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मी प्रॉडक्शनमध्येच होतो.

शिवाय तो माझा भाडेकरू होता. निघोज्यात आमच्या घरावर खोल्या काढल्या आहेत, त्यातली जिन्याजवळची त्याची. मूळचा सावंतवाडीकडचा, आणि इतकी वर्षं चाकणला राहूनही मालवणी सोडली नव्हती. माझ्या बायकोने एकदा हौसेने वांग्याची भाजी पाठवली आणि कशी झाली म्हणून विचारलं. त्याने घास चावला, विचार केला आणि म्हणाला, "होल्डवर." त्यानंतर बरेच दिवस जिन्यावरून भाजी वर गेली नाही.

एक मुलगी पाहून आला होता. काय ठरलं म्हटलं, तर तेच उत्तर. त्या मुलीचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, तिला मूल झालं, याचा निर्णय अजून व्हायचाच होता.

हसू नका. त्याची नोकरीही तशीच होती. कंत्राटदार बदलत, गणवेशाचा रंग बदले, हा तिथेच. कायम करू, पाहू, पुढच्या वर्षी. दुसऱ्यांच्या मालाला पिवळा टॅग लावणाऱ्या त्यालाच कंपनीने एक लावून ठेवला होता आणि त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही.

मग गावाकडच्या कुणीतरी त्याला सांगितलं की, तुझी आई गोव्यात पोर्तुगीज असताना जन्मली, तेव्हा तुलाही पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. ते मिळालं की युरोपात कुठेही नोकरी करायला मोकळा. मला हे पटेना. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवता चढवता माणसाची हयात जाते, आणि हा म्हणे आईच्या नावावर अख्खा देश लावून घेणार!

पहिला अडथळा आईच्या लग्नाने आणला. गोव्यातल्या पेडण्याच्या जुन्या दप्तरात मुलीचं नाव शेवंती. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं सुनंदा, आणि शेवंती तिथेच संपली. रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे सुनंदा. तो जिन्यावर बसून राहिला होता.

"एवढो मोठो झालंय," मला म्हणाला, "पण आवशीचा नाव माका ठाव नव्हता."

मी चहा सांगितला. शेवटी पेडण्याच्या मामाने शपथेवर सांगितलं की शेवंती आणि सुनंदा ही एकच बाई, आणि अर्ज मार्गी लागला.

अर्ज चालू असतानाच तो नोकरी शोधायचा व्हिसा काढून पोर्तुगालला गेला. अधूनमधून फोन यायचा. नोकरी मिळाली का, तर "शोधतंय." जेवणाचं काय, तर "रांधतंय." थंडी? "आसा." एका कारखान्याने, गाड्यांच्या दरवाजाची बिजागरं बनवणाऱ्या, त्याला सांगितलं होतं की नागरिकत्वाचे कागद आण आणि लाग. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नव्हतं. त्यातच व्हिसा संपत आला होता.

तिथला वकील म्हणाला, आधी आईचे कागद, मग मुलाचे. आईने सही केली की ती त्यांची नागरिक. पण मग ती आपली राहत नाही, एका वेळी दोन देश चालत नाहीत.

तेव्हा त्याची आई आमच्याकडेच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन पिंपरीला करून घेतलं होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून ती आमच्या ओट्यावर बसायची. माझ्याच मोबाइलवर त्याने तिला व्हिडिओवरून सगळं समजावलं. काही न वगळता. दुसरा कुणी असता तर नुसती सही घेतली असती.

"मगे माका हयसून घालवतले?" तिने विचारलं.

"नाय गे आये. ऱ्हवाचा वेगळा कार्ड गावतला. घर तुझाच. पण मतदान करूक मिळाचा नाय."

गावात पहिलं मत तिचं असे, हे तिने आम्हाला आल्या दिवशीच सांगितलं होतं. शाळेचं फाटक उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची. घरात तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं, नाव बदलतानाही नाही. मतदानाला तेवढं सरकार विचारायचं.

"नोकरी पक्की?"

"कागद इले की पक्की."

"मगे दी. खय सय करू सांग."

त्याने लगेच सांगितलं नाही. "होल्डवर ठेवूया," म्हणाला. आई म्हणाली, "तुझा होल्ड तुझ्या कंपनीत. सय खय करू?"

आईचे कागद आले, मागोमाग त्याचेही. बिजागरवाल्यांनी शब्द पाळला. मी त्याला फोनवर सांगितलं, "आरं, मतदानाचं कार्ड राहू दे कपाटात. म्हातारीला कोण इचारतंय? समदे असंच करत्यात."

"एका पीसवर दोन टॅग लागत नाय, भाऊ," तो म्हणाला.

"ती आई हाय तुझी, पीस न्हाई!"

"म्हणूनच. उद्या कोणी तिका खोटी म्हणूक नको."

सुट्टी काढून तो आला आणि आईला घेऊन त्यांच्या तालुक्याच्या कचेरीत गेला. कार्ड परत केलं, यादीतून नाव कमी करून घेतलं. तिथला साहेब म्हणे दोनदा विचारत होता, नक्की ना? नाव कमी करा म्हणणारा जिवंत माणूस त्याने बहुधा पाहिला नव्हता. मला त्या वेळी या पिवळ्या टॅगवाल्या प्राण्याचा मनापासून राग आला होता. थोडासा अजून आहे.

जाताना आमची खोली रिकामी केली. आता तिथे परभणीकडची पोरं राहतात. सगळ्या भाज्यांना छान म्हणतात. बायको म्हणते, यांच्या सांगण्याला काही अर्थ नाही.

परवा जिल्हा परिषदेचं मतदान झालं. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगात निळा गणवेश, मागे यंत्रांचा आवाज.

"आवशीक फोन केल्लंय," तो म्हणाला. "फाटे उठली, न्हाली, बरा लुगडा नेसली आणि पडवीत बसली. बायका हाक मारूक इल्यो, येतंस मा म्हणान. तर सांगल्यान, पाय दुखतत."

"आन् दुखत्यात का?"

"नाय."

शाई लागलेलं बोट दिसू नये म्हणून मी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"दाखव," तो म्हणाला.

मी बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. तो बघत राहिला. मग तिकडे कामावर परतायचा भोंगा झाला, तरी त्याने फोन ठेवला नाही.