लिफ्टमधलं गाऱ्हाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही.

देवदेवस्की, भुतंखेतं यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावी देवळासमोर आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गाऱ्हाणं घालतात. काय घडलं, काय हवंय आणि बदल्यात काय देणार, हे देवाला खणखणीत आवाजात सांगायचं, मागे उभ्या मंडळींनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. त्या मंडळींत उभा राहून मी मोबाइल बघायचो. अण्णा एकदा म्हणाले, "तुका गरज लागतली तेव्हा तोंडातसून शब्द फुटाचो नाय."

लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झालाय. आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर. त्या शनिवारी दुपारी स्वाती — माझी बायको — परळला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला निघाली. सकाळी मारुतीला फोडलेला नारळ ओट्यावर होता. "मनूला तुकडा देऊ नकोस हं. मागितलं तर किसून दे."

मनू तेव्हा तीन वर्षांची. उशिरा झालेली, एकुलती एक. मी ऑफिसच्या कॉलवर, आणि ती पाय धरून "खोबलं... खोबलं...". कोण किसत बसणार? दिला तुकडा.

थोड्या वेळाने घर फारच शांत वाटलं म्हणून वळून पाहिलं. मनूचं तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. ओठ जांभळे पडत चाललेले.

तिला खांद्यावर टाकून बाहेर धावलो, ओरडलो. चाळीत पहिल्या हाकेला अर्धी गॅलरी घरात घुसली असती. इथे समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा तेवढा भुंकला.

लिफ्ट आली. आत कोणी नव्हतं. दार लागलं आणि आमच्या लिफ्टची ती बासरीची ट्यून सुरू झाली. मनू खांद्यावर पिळवटत होती, मी तिची पाठ नुसती चोळत होतो... आणि माझ्या तोंडातून निघालं,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून. एक नाही, पाचपंचवीस बाप्यांचा आवाज. वळायचं धाडस झालं नाही. तसंच रेटलं —

"ह्या माझ्या चेडवाच्या गळ्यात जा काय अडाकला हा, ता भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका नारळ देतंय!"

शांतता. नुसती बासरी.

खरंच आहे. पोरीच्या घशात खोबरं अडकलंय आणि मी नारळ कबूल करतोय! कुठलाही देव चिडेल.

"कोंबो! कोंबो देतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

आणि माझ्या पाठीत असा रट्टा बसला की मी पुढच्या दारावर आदळलो. मनूचं पोट माझ्या खांद्यात रुतलं, तुकडा उडून टपकन खाली पडला, आणि बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा पुन्हा सुरू व्हावा तशी ती रडायला लागली. इतकं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही. लिफ्टमध्ये बिडीचा उग्र वास पसरला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरने तपासलं. "पोटावर नेमका दाब दिलात. कुठे शिकलात?"

"गावी," मी म्हणालो.

सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी दारात. "लिफ्टमध्ये बिडी ओढलीत? तुमच्यानंतर चढलेल्या बाईंची तक्रार आहे." मी सुपारीसुद्धा खात नाही. त्यांनी सीसीटीव्ही दाखवला. बिडी नाही, तिसरं माणूस नाही. फक्त मी, मनू, आणि अचानक कुणी ढकलल्यासारखा गेलेला माझा तोल. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही.

मग मी ऐकलेला तो आवाज कुठून आला? लिफ्टच्या इमर्जन्सी फोनवरून, अशी माझी मीच समजूत घातली. मग कळलं, त्याची वायर अजून जोडलेलीच नाही.

त्यानंतर महिनाभर मनूला काही सांगितलं की घोगऱ्या आवाजात उत्तर यायचं, "व्हय म्हाराजा!" ती तोवर एकदाही गावी गेलेली नव्हती. स्वाती म्हणाली, "हे कुठून उचललं हिने?" मी म्हटलं, यूट्यूब.

पण खरी गोष्ट वेगळीच. त्या दिवशी माझा फोन गेल्यावर परळहून धावत आलेल्या स्वातीने हॉस्पिटलच्या दारात विचारलं, "खोबरं दिलं कुणी?" मी म्हणालो, "तिनेच ओट्यावरून ओढलं." स्वातीने रडत रडत मनूला धपाटा घातला. मनू माझ्याकडे बघत राहिली. तिला नीट बोलताही येत नव्हतं.

आता ती सात वर्षांची आहे. दर मे महिन्यात अण्णांचा फोन येतो, "गावाक कधी येतलंस?" आणि दरवेळी माझी रजा नामंजूर होते... म्हणजे मी मागतच नाही. कारण कोंबडा गुपचूप देता येत नाही. सगळ्या गावासमोर, अण्णा आणि स्वातीसमोर, कशाबद्दल देतोय ते मोठ्याने सांगावं लागतं. त्यात खोटं बोललं तर मागच्यांचा "व्हय म्हाराजा" येणार नाही, अशी मला आता खात्री आहे.

लिफ्टमध्ये कोण होतं, मला आजही माहीत नाही.

देवाला एक कोंबडा द्यायचा राहिलाय. स्वातीला खरं सांगायचं राहिलंय. आणि त्या धपाट्याबद्दल मनूची माफी मागायची राहिली आहे.