आबांनी ॲनिमोनची बाजू घेतली

टाकीवाल्या मित्रांनो, इंदापूरच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. सकाळचं डोक्यातून जातच नाहीये.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत प्रवाळ आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. हौसेने त्यात एक ॲनिमोन आणलं. दिसायला फूल, पण आहे प्राणी. ठेवलेल्या दगडावर ते काही थांबेना. आज बघतो तर सरकत सरकत थेट प्रवाळांना भिडलेलं, आणि त्याच्या डंखाने एक फांदी पांढरी पडलेली! ॲनिमोन दुकानदाराला परत द्यायचं ठरवून मी बादली आणली.

तेवढ्यात कळस गावाहून वडील आले. आमच्या आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं, आता ऊस करतात. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले ते हलेचनात.

"काय जनावर हाय रे! आपलं आपण जागा हुडकतंय."

"आबा, ते प्रवाळ मारतंय. काढतो त्याला."

"फिरत्यालाच समदी हाकलत्यात. बांधावर जरा टेकलं की, 'उठा हितनं.' लई ऐकलंय आमी. त्यापरीस बसलेल्याला हलव की. त्ये तितंबी बसंल."

मी बादली बाजूला ठेवली. प्रवाळ उचलून जुन्या छोट्या टाकीत ठेवले. तुम्ही कोणाला हलवलं असतं? खरं सांगा.

दुपारी निघताना आबा काचेजवळ वाकले आणि ॲनिमोनला म्हणाले, "बस आता निवांत. हितनं तुला कुणी उठवणार न्हाय."