एक झाकण तेल

जानकी परबला बोरिवलीतल्या सोसायट्यांचे वॉचमन 'मशीनवाली मावशी' म्हणतात. पंजाबी ड्रेसखाली नवऱ्याचे जुने गमबूट, डोळ्यांवर गॉगल आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेली गवत कापायची मशीन. पहिल्या दिवशी पोरं गंमत बघायला जमली होती. जानकीने दोरी ओढली, मशीन गुरगुरली, तशी सगळी लांब पळाली.

मशीन खरं तर नवऱ्याची, शिवदासची. कांदिवलीच्या कंपनीत फिटर म्हणून जन्म काढला, रिटायर झाल्यावर गावच्या काजूच्या बागेसाठी ती घेतली, पण गावाला राहणं जमेना, म्हणून दहिसरला घरी आणली. गणपतीच्या आगेमागे सोसायट्यांमध्ये गवत माजतं, तेव्हा काम मिळायचं. पुढे त्याचा उजवा खांदा आखडला. मशीन विकू या म्हणाला, तर जानकीच म्हणाली, "विकता कशाला? मी आहे ना." तेव्हापासून गवत ती कापते आणि पेट्रोल तो कालवून देतो.

या मशीनला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, एका डब्याला एक झाकण. जास्त झालं तर धूर, घालायचं राहिलं तर आतला पिस्टन जाम होऊन मशीन कायमची बसते. शिवदास हे काम सकाळी गॅलरीत करी, देवपूजेसारखं, कुणाशी न बोलता.

जानकीचं मन तिथेच अडकलं होतं. शिवदासचा मोठा भाऊ दादू शेवटी शेवटी सगळं विसरला होता. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग माणसं. भेटायला गेलेल्या शिवदासला त्याने "आपण कोण?" असं विचारलं होतं. आणि यंदा शिवदासनेही दाराला किल्ली तशीच ठेवली, चष्मा फ्रीजमध्ये सापडला, एकदा तर गॅस चालू ठेवून खाली गेला.

जानकीने मग एक काम सुरू केलं. तो दूध आणायला उतरला की ती डब्यात आणखी एक झाकण तेल घाली. डबा लोखंडी, आतून काळा. त्याने तेल घातलंय की नाही ते डोकावून कळत नसे. विचारायची तिची हिंमत नव्हती. विचारलं असतं तर त्याला कळलं असतं, आपल्यावर बायकोचा भरवसा राहिला नाही. आमटीत मीठ राहिलं तर वरून घेता येतं, इथे तसं नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

मशीन धुरायला लागली. प्लग काळा पडला. एका सोसायटीच्या सेक्रेटरी क्षमा कर्णिक तोंडावर ओढणी धरून खाली आल्या.

"जानकीताई, गवत कापायला बोलावलंय हो, मच्छर मारायला नाही! वरपर्यंत धूर येतोय."

"सॉरी मॅडम, तेल जरा जास्त झालंय," जानकी म्हणाली आणि बोलता बोलताच थांबली. जास्त झालंय, म्हणजे तो घालतोय. रोज घालतोय! मॅडम पुढे बरंच बोलल्या, जानकी हसऱ्या चेहऱ्याने ऐकत राहिली. घरी जाताना तिने बांगडे घेतले.

पुढच्या खेपेला तिने डब्याला हात लावला नाही. सकाळी मशीनमध्ये पेट्रोल ओतलं. मशीनची टाकी पांढऱ्या प्लास्टिकची, आतला रंग बाहेरून दिसतो. तेल घातलं की पेट्रोल हिरवट होतं; इतके दिवस तिच्याच झाकणाने ते हिरवट दिसायचं. आज ते पंपावरून आणल्यासारखं स्वच्छ होतं.

जानकीने टाकी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

शिवदास दारात पेपर धरून बसला होता. पान उलटत नव्हता.

"अहो," तिने शेवटी विचारलंच, "तेल घालायचं राहिलं का?"

"राहिलां नाय. मुद्दाम नाय घातलंय." त्याने पेपर खाली ठेवला. "आता तूच घालीत जा. ती बाटली बघ. दिवाळीपर्यंत पुरायची, ती आत्ताच तळाला गेली. म्हणजे मी एकदा घालून परत घालतंय आणि माका आठवत नाय." मग हळूच म्हणाला, "दादूसारख्याच झालां माझां."

जानकीच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "ते दुसरं झाकण माझं होतं!"

"काय?"

"तुम्ही दुधाला गेलात की मी घालायचे. मला वाटायचं, तुम्ही विसरत असाल."

"माझ्या पाठी? फिटरच्या घरात?"

"मग काय करणार? गॅस चालू ठेवून गेलात त्या दिवशी!"

"गॅस तर तूही ठेवतंस! उतू गेलेला दूध कोणी पुसला?"

"तुम्ही," जानकीने कबूल केलं.

"मगे!" असं म्हणून तो हसायला लागला. हसता हसता खांद्यातून कळ आली, तरी थांबेना. "गो, माका रात रात झोप नाय! आणि ही बया..."

शेजारची अबोली हातातली कणीक तशीच घेऊन दारात आली. "काय झालं काका?"

"काय नाय. माझा डोक्या शाबूत आसा."

त्याने टाकीतलं पेट्रोल परत डब्यात ओतलं, नीट मोजून एक झाकण तेल घातलं, डबा हलवला आणि टाकी भरून दिली. जानकी मुद्दाम वेणी घालत बसली, मान वळवून पाहिलं नाही.

मशीन घेऊन ती जिना उतरली, रिक्षा थांबवली. दांडा बाहेर काढून आत बसते न बसते तोच वरून हाक आली.

"गो! आज मागच्या गेटाने जा, पुढे खणलेला आसा!"

"माहीत आहे!"

"माकाय म्हायत आसा!" शिवदास गॅलरीतून इतक्या मोठ्याने ओरडला की रिक्षावाल्यानेही मान बाहेर काढून वर पाहिलं.