खोबरेल लावलेल्या बंदुका

गंगारामचा उजवा खांदा एकदा बसला तो परत उठलाच न्हाई. तुर्भ्याच्या मार्केटात सारी जवानी कांद्याच्या गोन्या वाहिल्या त्या खांद्यानं, आन् एक दिवस अर्ध्या गोनीखालीच त्यानं मान टाकली. डॉक्टर म्हनला, या हातात आता भाजीची पिशवीबी धरायची न्हाई. गंगारामनं मान डोलावली आन् औषधांची पिशवी त्याच हातात धरून घरी आला. सवय कुठं जाती का एका दिवसात.

मार्केट सुटलं, पन पोट कुठं सुटतंय. पोरगा नाशकाकडं आपल्या संसारात. इथं वस्तीत ही दोघंच, गंगाराम आन् त्याची बायको सुंदराबाई. ती सानपाड्याच्या सोसायट्यांमधी भांडी-लादी करायची. मंग वस्तीतल्याच एकानं गंगारामला झहूरभाईच्या गाळ्यावर नेऊन सोडलं.

झहूरभाई उरनकडचा, खाडीकाठचा मुसलमान. तुर्भ्याच्या कारखान्यांच्या रांगेत त्याचा गाळा. सिनेमाला लागतात त्या बंदुका तिथं बनायच्या. खऱ्या न्हाईत बरं का. बार काढनाऱ्या बंदुका परवानेवाल्याकडं असत्यात, त्याचा मानूस त्यांच्यासंगं येतो आन् त्यांच्यासंगंच जातो. ह्या आपल्या खोट्या. लाकडाचा दस्ता, पाइपाची नळी, चाप नुसता दाखवायला. लढाईच्या सिनेमात एवढाले शिपाई पळतात, त्यात पुढचे दोघं-चौघं खरी घेऊन पळनार, बाकीच्या समद्यांच्या हातात झहूरभाईची लाकडं. आन् ज्यानं गोळी खाऊन आपटायचं त्याला रबराची देतात, म्हंजे बिचाऱ्याचे दात शाबूत राहतात.

सुतार बंदूक करून द्यायचा ती जत्रेतल्या खेळन्यासारखी चकचकीत. गंगारामचं काम काय, तर ती जुनी करायची. चार वर्सं चिखलात, पावसात, शिपायाच्या खांद्यावर गेली असं दिसलं पायजे. तो पॉलिशपेपरनं कडा मारायचा, लाकडाला चहाचं कडक पानी पाजायचा, नळीला मिठाचं पानी लावून गंज आनायचा, खाचांमधी बुटाचं काळं पॉलिश भरायचा आन् वरनं रस्त्यावरची धूळ.

सुरवातीला त्याला जमंना. तो सगळीकडं सारखंच फासायचा. झहूरभाई म्हनायचा, गंगाराम, ही लढाईतनं न्हाई आली, गटारातनं आली. मंग एक दिवस घरी भाकरी खाताना गंगारामची नजर भिंतीवरच्या हुकावर गेली. मार्केटात गोनीला अडकवतात तो लोखंडी हूक, लाकडी मुठीचा. काम सुटल्यापासून खिळ्याला टांगलेला. जिथं तळहात बसायचा तिथं मूठ काळीभोर, गुळगुळीत. जिथं हात कधी गेलाच न्हाई तिथं अजून पिवळी, कालच आनल्यासारखी. त्यानं भाकरी खाता खाता बघून घेतलं, आन् दुसऱ्या दिवशी बंदुकीला तसं केलं. झहूरभाईनं ती उजेडात धरून बघितली आन् तयार मालात ठेवली. त्या मानसाची एवढीच शाबासकी.

आता हे काम त्यानं घरी कधी सांगितलं न्हाई. लाज वाटायची. बायको जल्मभर लोकांची भांडी लख्ख करत आली, आन् नवरा चांगली वस्तू घान करून पगार आनतो, हे तिला कोन्या तोंडानं सांगनार? ती इचारायची, काय करता हो तिथं? तो म्हनायचा, बंदुकांचं काम. काळे हात, काळी बनियन घेऊन यायचा. तिनं आपलं मनाशी धरून घेतलं की आपला नवरा बंदुका घासतो.

असंच चाललं व्हतं. पन गाळ्यात दिवसभर उभं राहायचं, पॉलिशचा वास डोक्यात जायचा, खांदा तर ठनकायचाच, आता गुडघेबी बोलाय लागले. संध्याकाळी घरी आला की चप्पल काढायलासुद्धा वाकायचा न्हाई, पायानंच पाय ओढायचा. शेवटी त्यानं झहूरभाईला इनवलं, भाई, घरी द्या माल, बसून करतो.

झहूरभाईची तशी रीत नव्हती. वस्तीत बंदुका दिसल्या, कुनी पोलिसाला फोन केला, तर निस्तरायचं कुनी? पन गंगारामच्या पायाकडं बघितलं आन् इरघळला. नळ्यांच्या तोंडाला लाल पट्ट्या गुंडाळल्या, म्हंजे खोट्या हायत हे लांबनं कळावं, आन् म्हनला, ही एक खेप नेऊन बघ. बर्माच्या लढाईचा सिनेमा हाय, इंग्रजांच्या टायमाच्या थ्री-नॉट-थ्री हायत. परवा संध्याकाळी टेम्पो आनतो, पहाटे सिनेमावाल्यांची गाडी निघनार. माल नीट आला तर हितनं पुढं घरीच देत जाईन. न्हाई आला, तर एक तर गाळ्यावर उभं राहा, न्हाईतर राम राम.

बस, एवढंच व्हतं गंगारामच्या मनात. बसायला मिळावं. दुसरं काही नको.

दोन दिवस त्यानं मान वर केली न्हाई. दाराला पडदा लावून, आडोश्याला बसून करत राहिला. सुंदराबाई कामावर जायची, यायची, स्वयंपाक करायची. तिला वाटलं, घासायच्या आधी खरवडावं लागत आसंल. भांडं न्हाई का आपन आधी खरवडत. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या बंदुकीला धूळ मारून त्यानं समद्या भिंतीला टेकवून ठेवल्या, चहा घेतला आन् जो आडवा झाला तो मेल्यासारखा.

सुंदराबाई दुपारच्या आत घरी आली. बघते तर नवरा झोपलेला, तोंड उघडं, दुखरा हात छातीवर. आन् भिंतीला बंदुका, गंजलेल्या, मळलेल्या, धुळीनं भरलेल्या. तिच्या मनात आलं, एवढा जीव काढला मानसानं, आन् धुवायच्या आधीच झोप लागली. आता संध्याकाळी टेम्पो येनार.

सुंदराबाईच्या माहेरची रीत अशी की दुसऱ्याची वस्तू घरातनं जाताना मळकी जायची न्हाई आन् रिकामी जायची न्हाई. शेजारनीची वाटी परत दिली तरी घासून, चिमूटभर साखर घालून. त्यात तिचा आजा पलटनीत व्हता. तो सांगायचा, बंदुकीवर धुळीचा कन दिसला तर सायब जेवन बंद करायचा. तिनं नवऱ्याला उठवलं न्हाई. नळाला पानी व्हतं. पदर खोचला, आन् चिंच, काथ्या, भांड्याची पावडर घेऊन एकेक बंदूक घासली. चहाचा डाग, बुटाचं पॉलिश, गंज, समदं गटारात. पेपरनं खरवडलेलं तेवढं उरलं, त्याला खोबरेल चोळून चोळून चमकवलं. मंग दाराबाहेर उन्हात रांगेनं वाळत लावल्या. गल्लीतली पोरं जमली. तिनं दटावलं, हात नका लावू रे, झहूरभाईच्या हायत.

गंगाराम उठला तवा उन्हं कलली व्हती. लई दिवसांनी अशी झोप झाली व्हती त्याची. तोंड धुवायला दारात आला आन् तिथंच उंबऱ्यावर बसला. भिंतीला टेकून बंदुका लखलखत व्हत्या, वानसामानाच्या दुकानातल्या नव्या बाटल्यांसारख्या. खोबरेलाचा वास सुटलेला.

वरडला न्हाई तो. वरडायला अंगात काही असावं लागतं.

"सुंदरा," तो म्हनला, "मी घान करतो. घासत न्हाई. घान करायचाच पगार हाय माझा."

तिला आधी कळलंच न्हाई. मंग त्यानं खाली मान घालून समदं सांगितलं, पहिल्या दिवसापासनं. ती ऐकत राहिली. हातातला काथ्या तसाच.

"आन् हे एवढ्या वर्सांत सांगायला तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"

तो उंबऱ्यावरची माती नखानं उकरत राहिला.

"माझा आजा आसता तर त्यानं तुमाला गोळीच घातली आसती. शिपाई कधी बंदूक घान ठेवतो का?"

"तो खरा शिपाई व्हता. हे सिनेमातले हायत."

ती हसली मंग. कपाळाला हात लावून हसली, आन् हसता हसता डोळ्याला पदर लावला. मंग म्हन्ली, उठा, काय काय लागतं ते सांगा.

झहूरभाईला फोन करून गंगारामनं खरं ते सांगितलं. झहूरभाई म्हनला, टेम्पो उशिरा आनतो, बघ काय व्हतंय ते.

पहिली अडचन तेलाची. तेलकट लाकूड चहाचं पानी पिईना, वरनंच ओघळून जाई. गंगाराम हातपाय गाळून बसला. सुंदराबाई म्हन्ली, तेल पिठानं ओढतं. डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, आन् अन्न मातीत घालते म्हनून आधी कपाळाला लावलं. पीठ चोळून तेल ओढून काढलं, मंग पानी बसलं. दुसरी अडचन त्याच्या हाताची. दोन दिवसांत खांदा पुरता गेलेला, पेपर धरला की बोटं सुटायची. मंग तिनंच धरला. ती घासायची जोरात, एकसारखी, जशी कढई घासावी. गंगाराम बघून म्हनला, नको, समदीकडं नको, गटारातली दिसंल.

"मंग किती मळकी करू? सांगा तरी."

त्यानं उठून खिळ्यावरचा हूक काढला आन् तिच्या हातात दिला. ती रोज घर झाडायची, भिंती पुसायची, पन त्या हुकाला तिनं कधी काथ्या लावला नव्हता. का, ते तिचं तिलाबी सांगता आलं नसतं. तिनं मुठीवरनं अंगठा फिरवला. काळ्या भागावरनं, मंग पिवळ्यावरनं.

"हा मळ न्हाई," ती म्हन्ली. "हा तुमचा हात हाय."

मंग तिला जास्त सांगावं लागलं न्हाई. तो नुसता म्हनायचा, बास, तिथं थांब. ती थांबायची.

रात्री वस्तीतली जेवनं उरकली तवा झहूरभाई स्वतः आला. समद्या बंदुका झाल्या नव्हत्या, शेवटच्या दोन तशाच चकचकीत उभ्या. त्यानं एकेक हातात घेतली, उजेडात धरली, नाकाशी नेली.

"गंगाराम, बर्माच्या लढाईत खोबरेल तेल व्हतं का रे?"

सुंदराबाई पडद्याआडनं म्हन्ली, "असंल. शिपाई काय केसं कोरडी ठेवून लढले?"

झहूरभाई गालात हसला. त्या दोन चकचकीत त्यानं बाजूला काढल्या, ह्या आता गाळ्यावर मीच बघतो म्हनला. बाकीच्या पोत्यात बांधल्या. पोतं टेम्पोत चढवायला उचललं तर त्याच्या टोकाला गाठ. सोडून बघितलं तर मूठभर भाजलेले शेंगदाने. गंगाराम म्हनला, घ्या भाई, तिच्या घरचं काही रिकामं जात न्हाई. झहूरभाईनं दोन दाने तोंडात टाकले आन् चघळत उभा राहिला. गंगाराम त्याच्या तोंडाकडं बघत.

"घरी देत जाईन माल," झहूरभाई म्हनला. "पन तू हात लावायचा न्हाईस. तुझा हात संपला, मी बघतोय ना. वहिनी करतील, तू नुसतं बसून सांग."

टेम्पो गेला. गंगारामला जे पायजे व्हतं ते मिळालं, बसायला मिळालं. पन तो लगेच आत गेला न्हाई. सुंदराबाई नळाशी हात धूत व्हती. नखांतलं काळं निघंना.

आता खेप आली की असं असतं. सकाळी सानपाड्यात तिनं लोकांच्या कढया लख्ख करायच्या, दुपारी घरी येऊन बंदुका मळवायच्या. त्यानं दारात पाटावर बसून म्हनायचं, बास, तिथं थांब. थकवा काही घरातनं गेला न्हाई, नुसता एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर आला. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसते. गंगाराम तीच खोबरेलाची बाटली आनतो, डाव्या हातावर तेल घेतो आन् तिचा दंड चोळत बसतो. ती डोळे मिटून म्हनते, बास, तिथं थांबा. तो थांबत न्हाई.